भांडणं दाराबाहेर

बेटाच्या खाडीकाठी वसलेल्या हॅरिएट बे या गावच्या सागरी स्काउट पथकाला नेव्हिल हॅस्लमने एक नियम घालून दिला होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण पोराटोरांना पाठ होता. ओले बूट आणि बाहेरची भांडणं, दोन्ही हॉलच्या दाराबाहेर ठेवायची.

नेव्हिल पेशाने प्लंबर. गावातल्या बहुतेक घरांच्या ओट्याखाली तो कधी ना कधी पाठीवर आडवा पडलेला होता, त्यामुळे कोण कोणाशी का बोलत नाही हे त्याला न विचारता कळत असे. आठवडाभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करायचे आणि मंगळवारी संध्याकाळी निळा शर्ट चढवून, गळ्यात स्कार्फ बांधून पोरांना वल्ही मारायला, शीड फिरवायला, गाठी बांधायला शिकवायचं, असं त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याचा छदामही कधी मिळाला नव्हता आणि त्याने मागितलाही नव्हता. पोरं त्याला स्किप, म्हणजे कप्तान, म्हणत आणि सरळ अरे-तुरे करत. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. त्याची बायको ग्लेनिस कधीकधी म्हणे की गावाची पोरं मोठी होऊन निघून जातात, तू मात्र तिथेच उभा.

मतं त्याला होती. स्काउटचं वचन दोन तऱ्हांनी घेता येईल, देवाचं आणि राणीचं नाव घ्यायचं की नाही ते पोराने ठरवावं, असं वरून ठरलं तेव्हा जुनी मंडळी खवळली होती. नेव्हिलला वाटलं, देव आणि राणी दोघंही आपापलं बघून घ्यायला समर्थ आहेत. पोरगं दिलेलं वचन पाळतं की नाही एवढं आपण बघावं. दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय पोरांबरोबर बसायचं नाही, या नियमावरही कुरकुर होती. तिथे मात्र तो कडक होता. एकट्या सापडलेल्या पोरांवर मोठ्यांनी केलेल्या अत्याचारांमुळे हा नियम आला, ते विसरायची आपल्याला लाज वाटली पाहिजे, असं तो म्हणे. म्हणजे घरी ग्लेनिसला म्हणे. हॉलमध्ये तो असलं काही बोलत नसे. हॉलमध्ये होड्या, वारा, भरती-ओहोटी आणि सॉसेज एवढेच विषय.

एका बाबतीत त्याचं मत बदललं होतं, आणि त्याचा त्याला मनातून अभिमान होता. मुलींना पथकात घ्यायचं ठरलं तेव्हा तो पंचविशीतला सहायक होता आणि कडवा विरोधक. मुली आल्या की होड्यांवर फुलं रंगवायला लागतील, असं तो तेव्हा म्हणत असे. हॅरिएट बेमध्ये पहिली मुलगी आली ती नेरिडा व्हॉस, कोळ्याची पोर, अकरा वर्षांची, गुडघे कायम खरचटलेले. पुढे तिच्याइतकी चांगली खलाशी त्या खाडीने पाहिली नाही. आता नेरिडा चाळिशी ओलांडून गेली होती आणि पथकात त्याची सहकारी होती. ती येत होती म्हणून हॉल उघडत होता, कारण दुसरं मोठं माणूस मिळेनासं झालं होतं. तिच्या नवऱ्याने कधीचीच पाठ फिरवली होती. मुलगी ब्रायर चौदा वर्षांची, पथकातली सगळ्यात मोठी संघनायक. आईसारखीच, फक्त आईचे गुडघे खरचटलेले, हिची जीभ खरचटणारी.

नेरिडा सॅमन मासे पाळणाऱ्या कंपनीत पाणबुड्याचं काम करत होती. खाडीच्या तोंडाशी कंपनीचे गोल पिंजरे पसरले होते; त्यात खाली उतरायचं, जाळी तपासायची, फाटलेलं शिवायचं, मेलेले मासे वर काढायचे. गावातल्या निम्म्या चुली त्या पिंजऱ्यांवर पेटत होत्या. उरलेल्या निम्म्यांत जुने मासेमार, निवृत्त शिक्षक आणि मेलबर्नहून येऊन टेकडीवर घरं बांधलेली माणसं. त्यांच्या गाड्यांवर पिंजऱ्यांविरुद्धचे स्टिकर होते आणि कंपनीवाल्यांच्या गाड्यांवर त्या स्टिकरांना उत्तर देणारे स्टिकर. पेट्रोलपंपावर कोण कोणाच्या मागे गाडी लावतो यावरूनही कळायचं. पथकात मात्र दोन्हीकडची पोरं एकाच होडीत बसत होती. पथकाची मोटरबोट कंपनीने दिलेली, तिच्या अंगावर कंपनीचा निळा मासा. आणि ती चालवायला टेकडीवरची पोरं सगळ्यात पुढे. नेव्हिलला वाटे, हे आपण सांभाळलंय. एवढं एक आपल्या हातून झालंय.

मग तो फेब्रुवारी आला, तिकडचा ऐन उन्हाळा. पाणी कधी नव्हे इतकं कोमट झालं आणि पिंजऱ्यांतले मासे मरायला लागले. आधी कंपनी म्हणाली, थोडेफार. नंतर काही म्हणेचना. ट्रक झाकून जात होते आणि त्यांच्या मागे वास रेंगाळत होता. पहिल्यांदा गावाने खिडक्या लावून घेतल्या. मग किनाऱ्यावर गोळे येऊ लागले. पिवळट, मेणासारखे, मुठीएवढे, कधी नारळाएवढे. माशांची चरबी होती ती. कुत्री ते खाऊन ओकत होती.

दर उन्हाळ्याच्या शेवटी पथक किनारा साफ करायचं. ही प्रथा नेव्हिलच्याही आधीची. यंदा त्याने मंगळवारी जाहीर केलं की या वर्षी जरा पुढे ढकलू, कंपनीची माणसं किनाऱ्यावर काम करताहेत, मध्ये लुडबूड नको. ब्रायरने हात वर केला.

"स्किप, आपण दर वर्षी काय उचलतो?"

"बाटल्या. दोऱ्या. आमिषाच्या पिशव्या. माहीत आहे तुला."

"मग हा कचरा नाही?"

"कचरा आहे. पण भांडणाचा कचरा आहे."

"आपण उचलला तर तो कोणाचा आहे हे विचारावं लागतं का? बाटली उचलताना तू कधी विचारलंस, कोण प्यायलं?"

कोणीतरी हसलं. नेव्हिललाही हसू आलं असतं, पण त्याने नेरिडाकडे पाहिलं. ती भिंतीशी बसून एका दोराचं उसवलेलं टोक गुंडाळत होती आणि तिने मान वर केली नाही. त्या आठवड्यात तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला होता. ती रोज पाण्यात होती.

पथकाचे निर्णय संघनायकांनी मिळून घ्यायचे, ही पद्धत नेव्हिलनेच रुजवलेली. पोरं बाजूच्या खोलीत गेली आणि चहा निवायच्या आत परत आली. साफसफाई करायची असं ठरलं होतं. कंपनीत काम करणाऱ्यांच्या पोरांनीही होकार दिला होता. नेव्हिलने मान्य केलं, पण एक अट घातली. हातमोजे आणि मास्क घालायचे, आणि वर्तमानपत्रवाले किंवा टीव्हीवाले आले तर कोणी तोंड उघडायचं नाही. गणवेशात असताना पथक कोणाच्याच बाजूचं नसतं.

"कळलं का, ब्रायर?"

"गणवेशात बोलायचं नाही," ती म्हणाली. "कळलं."

शनिवारी सकाळी ढग खाली आले होते आणि दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रावरून येणारा वारा हाडात शिरत होता. पोरं ओळीने किनाऱ्यावर पसरली. गोळे दगडांच्या फटीत, शेवाळाच्या गुंत्यात अडकलेले होते. बोट लावलं की आत जायचं. धाकट्यांपैकी एक जण बाजूला जाऊन ओकला, तोंड पुसून परत आला आणि कामाला लागला. नेव्हिलला त्या क्षणी पोरांचं फार कौतुक वाटलं. नेरिडा सगळ्यात टोकाला एकटीच वाकून पोतं भरत होती. तिने मास्क लावला नव्हता. तिला त्या वासाचं आता काही वाटत नसावं.

टीव्हीची गाडी आलीच. टेकडीवरच्या कोणीतरी कळवलं असणार. एक तरुण बाई माइक घेऊन वाळूत आली, मागे कॅमेरा. नेव्हिल पुढे झाला आणि म्हणाला की आम्ही दर वर्षीप्रमाणे किनारा साफ करतोय, मुलांना त्रास देऊ नका. बाई सभ्य होती. ती मागे सरकून लांबूनच चित्रण करू लागली. नेव्हिलला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात ब्रायर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने हातमोजे काढले. गळ्यातला स्कार्फ सोडवून त्याची नीट घडी केली. मग निळ्या शर्टाची बटणं काढून तो उतरवला. आत साधा करडा टी-शर्ट होता आणि तिच्या दंडांवर लगेच थंडीने काटा आला. शर्टावर स्कार्फ ठेवून तिने ते सगळं त्याच्या हातात दिलं.

"आता मी गणवेशात नाही," ती म्हणाली.

तो तिला थांबवू शकला असता. थांब म्हणाला असता तर ती थांबली असती, असं त्याला पुढे कित्येक महिने वाटत राहिलं. पण तिने त्याचा नियम मोडला नव्हता. उलट तो अक्षरशः पाळला होता, आणि पाळलेल्या नियमापुढे कसं उभं राहायचं हे त्याला माहीत नव्हतं.

ती चालत कॅमेऱ्यापाशी गेली. तिने घोषणा दिल्या नाहीत की आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली की तिची आई खाली उतरते आणि मेलेले मासे वर काढते, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. हात लावला की मासा हातात विरघळतो, इतके दिवस तो तिथे पडलेला असतो. थोडेच मेले असं सांगतात, ते खोटं आहे. आई रोज शॉवरखाली उभी राहून रडते आणि तिला वाटतं पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही. गावात सगळ्यांना सगळं माहीत आहे, ती म्हणाली, फक्त कोणी बोलत नाही.

नेव्हिलने वळून पाहिलं. नेरिडा पोतं हातात धरून सरळ उभी राहिली होती. लेकीचे शब्द वाऱ्यावर तिच्यापर्यंत पोचले असणार. तिने पोतं खाली ठेवलं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा वाकली.

संध्याकाळच्या बातम्यांत ते सगळ्या बेटाने पाहिलं.

पुढे जे घडलं त्यात आरडाओरडा कुठेच नव्हता. नेरिडाला कोणी कामावरून काढलं नाही. तिचं कंत्राट त्या महिन्यात संपत होतं, ते फक्त पुढे चालू झालं नाही. कंपनीतल्या एका आईने फोन करून सांगितलं की तिचा मुलगा आता फुटबॉल खेळणार आहे, मंगळवार जमणार नाही. मग आणखी एकाचं मंगळवारचं जमेनासं झालं. दुसरीकडे टेकडीवरच्या एका वडिलांनी स्काउट संघटनेच्या जिल्हा आयुक्तांकडे तक्रार केली की पथकाचा म्होरक्या मुलांची तोंडं बंद करतो. आयुक्त बाईंनी फोनवर बराच वेळ नेव्हिलचं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या की तुमचा हेतू चांगला होता याबद्दल शंका नाही. त्या वाक्याने त्याला जितकं लागलं तितकं तक्रारीने लागलं नव्हतं. पेट्रोलपंपावर एका ओळखीच्या माणसाने काच खाली करून विचारलं, "काय स्किप, पोरांना हेच शिकवता का?" नेमकं काय शिकवतो म्हणून तो चिडला होता, बोलल्याबद्दल की बोलू न दिल्याबद्दल, तेही नेव्हिलला कळलं नाही.

ग्लेनिसने त्याला दोष दिला नाही. तिने एवढंच विचारलं की तू त्या मुलीच्या अंगावर जॅकेट तरी टाकलंस का, थंडी होती ना. त्याने टाकलं नव्हतं. तो तिचा शर्ट धरून उभा राहिला होता.

मार्चच्या शेवटी नेरिडा हॉलच्या किल्ल्या द्यायला होडीघरात आली. नेव्हिल एका होडीच्या तळाला पुट्टी भरत होता. त्याने उठून स्टूल पुढे सरकवलं, ती बसली नाही. तिला समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवरच्या पोर्ट लिंकनला काम मिळालं होतं. तिथे ट्यूना मासे पिंजऱ्यात वाढवतात, पाणबुडे लागतात.

"पुन्हा पिंजरेच," तो म्हणाला.

"मला दुसरं काय येतं?"

ब्रायर कशी आहे, त्याने विचारलं. ती म्हणाली की बरी आहे, दोघी जेवताना बोलतो आता. पहिला आठवडा तर तेही नव्हतं. मग म्हणाली, "तिने मला विचारायला हवं होतं. माझं रडणं तिने गावाला दिलं. ते तिचं नव्हतं द्यायला. पण ती बोलली ते खरं होतं, नेव्हिल, आणि ते मी बोलायला हवं होतं. मग कोणावर चिडू?"

"मी पथक सांभाळायला बघत होतो."

"माहीत आहे."

"दोन्हीकडची पोरं एकत्र बसत होती. तू पाहिलंयस."

"बसत होती. आणि माझी पोर माझ्याशेजारी बसून गप्प राहायला शिकत होती. तुझ्याकडून थोडं, माझ्याकडून जास्त." तिने किल्ल्या बाकावर ठेवल्या. "मी पहिल्यांदा कॅम्पला आले तेव्हा तू माझ्याशी तीन दिवस एक शब्द बोलला नव्हतास. आठवतं?"

त्याला आठवत होतं. तो नेहमी हसून ही गोष्ट सांगत असे, आपण कसे सुधारलो म्हणून.

"मीही ती गोष्ट तुझं कौतुक म्हणून सांगायचे," ती म्हणाली. "परवा सामान बांधताना माझ्या डोक्यात आलं, तुझं मत बदललं ते मी होड्यांची शर्यत जिंकल्यावर. त्याच्या आधीचे सगळे दिवस मी एकटीने काढले. तू वाईट माणूस नाहीस रे. तू वाद संपायची वाट बघतोस, आणि मग जो उभा असेल त्याच्याशेजारी येऊन उभा राहतोस. आम्हाला ते आधी हवं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता; राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती गेल्यावर त्याने पुट्टीचं काम पूर्ण केलं, कारण ती अर्धवट ठेवली तर सुकते.

दुसरं मोठं माणूस नाही म्हणून मंगळवारची बैठक बंद झाली. त्याने दोघा-तिघांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी बघू म्हटलं. आयुक्त बाईंनी कळवलं की पथक तूर्त स्थगित समजावं. बंद हा शब्द त्यांनी टाळला.

मे महिन्यात पिंजऱ्यांचा परवाना वाढवण्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरली. गावात दुसरी मोठी जागा नसल्यामुळे ती स्काउटांच्याच हॉलमध्ये भरली. भिंतीवर गाठींचे तक्ते, वर टांगलेली वल्ही आणि खाली सगळं गाव खुर्च्यांवर, मध्ये मोकळी वाट सोडून दोन बाजूंना. नेव्हिल मागे चहाच्या भांड्यापाशी उभा राहायला म्हणून गेला होता. पण बोलणाऱ्यांची रांग लागली तेव्हा तो रांगेत उभा राहिला. ग्लेनिसने लांबून पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

त्याची पाळी आली. तो म्हणाला की मी या खाडीत जन्मभर नांगर टाकतोय. पिंजरे आल्यापासून नांगर वर येतो तेव्हा त्याला काळा चिखल असतो आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. माझ्या लहानपणी तिथे पांढरी वाळू होती, पाय टाकला की दिसायची. हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. ज्यांची रोजीरोटी त्या पिंजऱ्यांवर आहे ती माणसं माझी आहेत, त्यांच्या पोरांना मी पोहायला शिकवलं आहे. पण चिखल काळा आहे.

पुढे काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. ब्रायरबद्दल बोलायचं होतं. पण समोर कंपनीच्या बाजूला ओळखीचे चेहरे खाली बघत होते, आणि दुसऱ्या बाजूने मागून कोणीतरी, ओरडून नव्हे, बसल्या जागेवरून म्हणालं, "आता बोलतोयस होय?"

त्यावर कोणी हसलं नाही, कोणी त्या माणसाला गप्पही केलं नाही. अध्यक्षांनी आभार मानून पुढचं नाव पुकारलं. नेव्हिल परत चहाच्या भांड्यापाशी आला. पुढचे दोघे काय बोलले ते त्याला ऐकूच आलं नाही.

घरी जाताना गाडीत ग्लेनिस म्हणाली, "बरं बोललास."

"उशीर झाला."

"झालाच," ती म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तिने तो काढला नाही.

परवाना वाढला. त्यात काही नव्या अटी होत्या, त्या कोणी नीट वाचल्या नाहीत. पोर्ट लिंकनहून काही कळलं नाही. नेव्हिलने एकदा फोन लावला, तेव्हा नेरिडा पाण्यात होती असं कोणीतरी सांगितलं. त्याने निरोप ठेवला नाही.

जूनमध्ये, तिकडचा हिवाळा लागून पहिला बर्फ डोंगरावर दिसला तेव्हा, ग्लेनिस आणि तो दोघं होड्या आत घ्यायला गेले. पूर्वी पोरं दोन्ही बाजूंनी धरून, ओरडत, एका दमात एकेक होडी उचलायची. आता एकीलाच सकाळ गेली. ग्लेनिसची कंबर धरली तेव्हा ती दगडावर बसली आणि तो एकटाच होडी ओढू लागला, थोडी ओढायची, थांबायचं, पुन्हा थोडी. खाडीच्या तोंडाशी खाद्य टाकणारी बोट पिंजऱ्यांभोवती फिरत होती. तिच्यावरच्या एका माणसाने हात केला. कोण होता ते इतक्या लांबून ओळखू आलं नाही, पण नेव्हिलने होडीचा दोर एका हातात घट्ट धरला आणि दुसरा हात वर केला. मग त्याने दोर खांद्यावर घेतला आणि वाकून पुन्हा ओढायला लागला.